चाचणीतून उद्याचा तास: वर्गातले मूल्यमापन नव्याने कसे बांधावे

शाळा सुधारायची म्हटली की नवा अभ्यासक्रम, नवी पुस्तके, नवे वेळापत्रक यांची चर्चा होते. आजच्या तासाला कोणाला काय कळले नाही आणि उद्या शिक्षक त्याचे काय करणार, हा प्रश्न बहुतेक वेळा त्या चर्चेत येतच नाही. चाचण्या होतात, गुण नोंदवहीत चढतात, प्रगतिपुस्तक घरी जाते आणि पुढचा धडा ठरल्या दिवशीच सुरू होतो. चाचणीने शिकवण्यात काही बदललेच नसेल तर ती घेण्यात गेलेला वेळ मुलांच्या शिकण्यातून वजा झाला, असेच म्हणावे लागेल.

मूल्यमापनाचे अभ्यासक मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये मूल्यमापनाचे दोन हेतू वेगळे मांडले. एक, काम चालू असताना ते सुधारण्यासाठी. दुसरा, काम संपल्यावर त्याचा निवाडा करण्यासाठी. आपण त्यांना आकारिक आणि संकलित म्हणतो. १९९८ मध्ये पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी या विषयावरचे शेकडो अभ्यास एकत्र तपासले. आकारिक मूल्यमापन नीट झाले तर शिकण्यात ठळक वाढ होते आणि मागे पडलेल्या मुलांना त्याचा विशेष लाभ होतो, असे त्यांना आढळले. त्यातल्या ‘नीट’ या शब्दावर सगळे अवलंबून आहे. दर महिन्याला छोटी परीक्षा घेऊन तिला आकारिक म्हटल्याने काही होत नाही. परीक्षा छोटी केली म्हणून तिचा हेतू बदलत नाही.

पुढची पद्धत साधारण ४० मुलांचा वर्ग डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. वर्ग लहान असेल तर काम हलके होईल, मोठा असेल तर काही गोष्टी निम्म्या वेळा कराव्या लागतील.

आधी कमी करा

नवे काही सुरू करण्यापूर्वी एका कागदावर सत्रातल्या सगळ्या चाचण्या, प्रकल्प, तोंडी परीक्षा, तपासायच्या वह्या आणि भरायचे तक्ते लिहून काढा. प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहा: याचा निकाल हाती आल्यावर कोण, कोणता निर्णय, किती दिवसांत बदलतो? उत्तर ‘नोंद होते’ एवढेच असेल तर ती गोष्ट वगळण्याच्या यादीत टाका. वरिष्ठ कार्यालयाला द्यावीच लागणारी माहिती वगळता येत नाही, पण ती बहुधा एका चाचणीतून निघते. तीन घ्याव्या लागत नाहीत.

ही पायरी टाळली की पुढचे सगळे कोसळते. शिक्षकांच्या आठवड्यात मोकळी जागा नसते. जुने काढले नाही तर नवे काम जुन्याच्या डोक्यावर बसते आणि दोन महिन्यांत त्याचा फक्त तक्ता उरतो.

घटकाचे साध्य दिसेल अशा शब्दांत लिहा

‘विद्यार्थ्यांना दशांश अपूर्णांकांची समज येईल’ हे टाचणात शोभते, पण समज डोळ्यांना दिसत नाही. मूल काय करून दाखवेल ते लिहा: ‘दशांश स्थळांची संख्या वेगळी असलेल्या दोन संख्यांमधली मोठी कोणती ते सांगेल आणि कारण देईल.’ एका घटकासाठी अशी तीन ते पाच वाक्ये पुरतात. दहाबारा झाली तर त्यांतली अर्धी पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिकाच असते.

प्रत्येक वाक्याखाली आणखी एक ओळ लिहा: इथे मुले कोणती चूक करतात, आणि ती करताना त्यांच्या डोक्यात काय चाललेले असते. ही ओळ लिहिणे अवघड असते, पण पुढचे सगळे प्रश्न हिच्यातूनच तयार होतात. दोनतीन वर्षे तो विषय शिकवलेल्या सहकाऱ्याजवळ बसून लिहा. मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिका ठेवल्या असतील तर त्या चाळा. चुका फार थोड्या प्रकारच्या असतात आणि वर्षानुवर्षे त्याच परत येतात.

चूक बोलेल असा प्रश्न

या भागाला सगळ्यांत जास्त वेळ द्यावा. साधा दिसणारा हा प्रश्न बघा:

‘०.६, ०.४५ आणि ०.३०७ यांपैकी सर्वांत मोठी संख्या कोणती?’

बरोबर उत्तर ०.६. ज्या मुलाला दशांश चिन्हानंतरचे आकडे पूर्ण संख्येसारखे वाटतात ते ३०७ बघून ०.३०७ म्हणेल. ती चूक या प्रश्नात पकडली जाते. पण दुसऱ्या प्रकारचे मूलही असते. शतांश हा दशांशापेक्षा लहान तुकडा, म्हणून ज्या संख्येत शतांश-सहस्रांश आहेत ती लहानच, असे त्याने मनाशी ठरवलेले असते. ते मूलही ०.६ असेच लिहील. उत्तर बरोबर, कारण पूर्ण चुकीचे, आणि तपासणारा खूण करून पुढे जातो.

आता एका प्रश्नाऐवजी तीन जोड्या द्या आणि प्रत्येकीतली मोठी संख्या विचारा:

(अ) ०.६ आणि ०.४५
(आ) ०.७ आणि ०.८५
(इ) ०.४ आणि ०.०७३

‘जास्त आकडे म्हणजे मोठी संख्या’ असे मानणाऱ्या मुलाचे अ चुकते, आ बरोबर येते, इ चुकते. ‘कमी आकडे म्हणजे मोठी संख्या’ मानणाऱ्याचे अ बरोबर, आ चूक, इ बरोबर. तिसरेही एक मूल असते: तेही जास्त आकड्यांनाच मोठे म्हणते, पण चिन्हानंतर लगेच शून्य आले तर संख्या लहान, एवढे त्याने लक्षात ठेवलेले असते. त्याचे अ चुकते, आ आणि इ बरोबर येतात. ज्याला खरोखर कळले त्याची तिन्ही बरोबर.

गुण मोजले तर पहिल्याला १, दुसऱ्याला २, तिसऱ्यालाही २. नोंदवहीत दुसरे आणि तिसरे मूल सारखेच दिसतात, पण त्यांचे गैरसमज एकमेकांच्या उलट आहेत. दोघांना एकच उजळणी दिली तर एकाचा गैरसमज आणखी पक्का होण्याचा धोका असतो. म्हणून तपासताना बेरीज करू नका. कोणते बरोबर आणि कोणते चूक त्याचा आकृतिबंध बघा.

उपायही मग वेगळे होतात. पहिल्या मुलाला १०० घरांच्या चौकटीत ०.६ आणि ०.४५ रंगवायला द्या. ६० घरे आणि ४५ घरे समोरासमोर आली की ते स्वतःच थांबते. दुसऱ्याला मीटरपट्टी द्या: ०.७ मीटर म्हणजे ७० सेंटीमीटर, ०.८५ मीटर म्हणजे ८५. त्याच्या नियमाला तिथे धक्का बसतो. तिसऱ्याला स्थानिक किमतीचा तक्ता द्या आणि संख्या लिहिण्याआधी प्रत्येक घरातला अंक मोठ्याने वाचायला सांगा, कारण त्याने किंमत न बघता केवळ शून्याची खूण पाठ केलेली असते.

असा प्रश्न कोणत्याही विषयात तयार करता येतो. त्याचा क्रम असा:

१. नेहमीच्या दोन किंवा तीन चुका निवडा.
२. प्रत्येक चुकीच्या विचाराने प्रश्न स्वतः सोडवा आणि येणारे उत्तर पर्याय म्हणून ठेवा. ‘५२ − २७’ मध्ये ‘मोठ्यातून लहान वजा करायचे’ एवढेच धरलेल्या मुलाचे उत्तर ३५ येते. दशक सुटा केला पण तो कमी करायला विसरला तरीही ३५ च येते! म्हणजे हा प्रश्न या दोन चुका वेगळ्या करू शकत नाही. ‘४०२ − १५६’ घेतले तर पहिल्याचे उत्तर ३५४ येते. दुसरा शतक आणि दशक दोन्ही सुटे करून एकही कमी करत नसेल तर त्याचे ३५६ येते. आता दोघे वेगळे दिसतात.
३. चुकीच्या विचाराने बरोबर उत्तर येत असेल तर प्रश्न बदला. ही तपासणी सगळ्यांत जास्त वेळा राहून जाते.
४. कोणीच निवडणार नाही असा पर्याय भरतीला घालू नका. चार सुचत नसतील तर तीनच ठेवा.

‘८ + ४ = ☐ + ५’ हा असाच एक उत्तम प्रश्न. ‘१२’ लिहिणाऱ्याला बरोबरचे चिन्ह म्हणजे ‘पुढे उत्तर लिहा’ असे वाटते. ‘१७’ लिहिणाऱ्याने दिसतील तेवढे आकडे मिळवले. ‘७’ लिहिणाऱ्याला दोन्ही बाजू समतोल असतात हे ठाऊक आहे. पुढे बीजगणितात समीकरण अडते त्याचे मूळ अनेकदा इथेच असते.

भाषा-इतिहासातही हेच सूत्र. ‘या घटनेचे कारण सांगा’ असे विचारले तर पाठ केलेले वाक्य येते. त्याऐवजी चार विधाने द्या, त्यांतले एक खरे कारण, एक परिणाम, एक त्याच काळातली पण असंबद्ध घटना आणि एक निव्वळ वर्णन ठेवा. चुकीची निवडच सांगते की मुलाला कारण आणि परिणाम यांतला फरक कळत नाही, की कालक्रम कळत नाही.

तासाच्या मध्यावर सगळ्यांचे उत्तर

‘समजले का?’ या प्रश्नाला वर्ग एकसुरात ‘हो’ म्हणतो. हात वर करायला सांगितले तर नेहमीची पाचसहा मुले करतात. शिक्षकाला त्या पाचसहांच्या समजेवरून वर्ग पुढे नेण्याची सवय लागते आणि ती मोडायला दोन साधने पुरतात.

पहिले साधन थांबणे. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण ऐकून मोजले तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असे दिसले. थांबणे तीन सेकंदांवर नेले की उत्तरे लांब झाली, न बोलणारी मुले बोलू लागली आणि ‘माहीत नाही’ कमी झाले. मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणा. सुरुवातीला ही शांतता फार लांब वाटते. मुलाने उत्तर दिल्यावरही तेवढेच थांबा. बरेचदा ते स्वतःच पुढे ‘म्हणजे...’ म्हणून कारण सांगू लागते. प्रश्न आधी विचारा, नाव नंतर घ्या. नाव आधी घेतले की बाकीचे ३९ जण सुटतात. नावांच्या चिठ्ठ्या डब्यात ठेवून काढत असाल तर काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाका, नाहीतर ज्याचे नाव येऊन गेले तो उरलेल्या तासाला मोकळा होतो.

दुसरे साधन पाटी. पाटी नसेल तर जुन्या कागदाची मागची बाजू किंवा पर्यायांसाठी बोटे: एक बोट अ, दोन आ. उत्तर छातीशी धरायचे आणि इशारा झाला की सगळ्यांनी एकदम वर करायचे. एकदम हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन सेकंदांचाही फरक पडला तर मागची मुले पुढच्यांच्या पाट्या बघून आपले उत्तर बदलतात आणि तुमच्या हाती हुशार मुलांच्या उत्तराच्या ४० नकला येतात.

मग निर्णय घ्या. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी मोठ्या वर्गांसाठी रुळवलेला अंदाज उपयोगी पडतो: ७० टक्क्यांच्या वर उत्तरे बरोबर असतील तर थोडक्यात कारण सांगून पुढे जा, ३० ते ७० टक्के असतील तर वेगळी उत्तरे असलेल्या मुलांच्या जोड्या लावून दोन मिनिटे एकमेकांना पटवायला सांगा आणि पुन्हा मत घ्या, ३० टक्क्यांच्या खाली असतील तर वेगळ्या रीतीने पुन्हा शिकवा. मधल्या टप्प्यातली चर्चा उगाच वेळखाऊ वाटते, पण नुकतेच समजलेल्या मुलाला अडचण कुठे होती ते आठवत असते, म्हणून त्याचे समजावणे लागू पडते. बरोबर उत्तर चर्चेच्या आधी मात्र सांगू नका. ते कळले की चर्चा संपते.

हा प्रश्न तासाच्या शेवटी विचारून उपयोग नाही. ४० मिनिटांच्या तासात २० ते २५ व्या मिनिटाच्या आसपास ठेवा, म्हणजे काही चुकले असेल तर दुरुस्त करायला वेळ उरतो.

जाता जाता चिठ्ठी

आठवड्यातून दोनदा तास संपायला पाच मिनिटे असताना एकच प्रश्न द्या आणि चतकोर कागदावर उत्तर घ्या. गुण देऊ नका. नाव हवे, कारण उद्या त्याच्यापर्यंत पोचायचे आहे. ४० चिठ्ठ्या बघायला दहाबारा मिनिटे लागतात, पण पेन हातात न घेता बघितल्या तरच. तीन ढीग करा: जमले, एकाच जागी अडले, मुळातच गेले नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या ढिगाला एक अवघड प्रश्न, दुसऱ्याला त्या एका जागेवरची दोन उदाहरणे, आणि तिसऱ्याजवळ तुम्ही स्वतः दहा मिनिटे बसा.

तिसऱ्या ढिगात रोज तीच मुले दिसली तर अडचण आजच्या घटकात नाही, मागच्या कुठल्यातरी इयत्तेत आहे. अशा वेळी आजचाच प्रश्न आणखी सोपा करत बसू नका. एकेक पायरी मागे जा आणि ते मूल कुठे ठाम उभे राहते ते शोधा. भागाकार अडला तर गुणाकार बघा, गुणाकार अडला तर समान गटांची बेरीज.

चिठ्ठ्यांची नोंद ठेवायला लावणे हा या पद्धतीचा सर्वांत जलद अंत आहे. मुख्याध्यापकांनी फाईल मागितली की शिक्षक चिठ्ठ्या जपतात, सुंदर करतात, आणि वाचायचे राहते. ढीग करून झाले, उद्याचा तास ठरला, की चिठ्ठी रद्दीत गेली तरी चालेल.

वहीवरचा शेरा आणि त्यासाठी राखलेला वेळ

रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही मुलांना फक्त शेरे दिले, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. पुढच्या कामात प्रगती दिसली ती फक्त शेरे मिळालेल्यांची. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही. यात नवल वाटायला नको. मूल आधी आकडा बघते, मग शेजाऱ्याचा आकडा बघते, आणि वही बंद करते.

म्हणून सरावाच्या कामावर गुण देऊ नका. शेरा असा द्या की त्यावरून मुलाला पुढचे काम करता येईल. ‘छान’, ‘अक्षर सुधारा’, ‘अधिक मेहनत घ्या’ यांतून पेन कुठे ठेवायचे ते कळत नाही. ‘दुसऱ्या परिच्छेदात तू मत सांगितलेस, त्याला धड्यातला एक पुरावा जोड’ किंवा ‘पाच उदाहरणांपैकी दोन चुकली आहेत, कोणती ते शोध’ यातून कळते. दुसरा नमुना विशेष चांगला, कारण चूक शोधण्याचे काम मुलाकडेच राहते.

वेळेचे गणितही मांडायला हवे. ४० वह्या, प्रत्येकी दोन मिनिटे म्हणजे ८० मिनिटे. हे रोज शक्य नाही, आठवड्यालाही नाही. पंधरा दिवसांतून एकदा एका विषयात होते. श्रम कमी करायची एक चांगली युक्ती: पहिल्या दहा वह्या वाचून नेहमीचे पाचसहा शेरे कागदावर उतरवा, त्यांना क्रमांक द्या, वहीत फक्त क्रमांक लिहा. दुसऱ्या दिवशी ते शेरे फळ्यावर लिहा आणि मुलांना आपापला शेरा वहीत उतरवून घ्यायला सांगा.

त्यानंतर १५ मिनिटे वर्गातच दुरुस्ती करून घ्या. ही १५ मिनिटे वेळापत्रकात नसतील तर शेरे लिहूच नका, त्या ८० मिनिटांत चांगले प्रश्न तयार करा.

घटक चाचणीचा कागद

संकलित चाचणी नको असे नाही. ती कमी वेळा आणि चांगली हवी. आधी संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा आराखडा, करा: डावीकडे साध्याची वाक्ये, वर प्रश्नांचे प्रकार (आठवणे, वापरणे, कारण देणे), घरांमध्ये गुण. आठवण्याच्या स्तंभात निम्म्याहून जास्त गुण गेले तर मुले पाठांतराकडेच वळतील. वर्गात कितीही चर्चा घ्या, मुले अभ्यास करतात तो प्रश्नपत्रिका बघून.

चाचणी झाल्यावर प्रश्नांचीही परीक्षा घ्या. ४० उत्तरपत्रिका एकूण गुणांनुसार लावा आणि वरच्या व खालच्या २७ टक्के, म्हणजे ११-११, वेगळ्या काढा. हे २७ टक्क्यांचे प्रमाण ट्रुमन केली यांनी १९३९ मध्ये सुचवले. समजा एका प्रश्नात वरच्या ११ पैकी १० जणांचे आणि खालच्या ११ पैकी ३ जणांचे उत्तर बरोबर आले. काठिण्य, म्हणजे दोन्ही गटांतल्या किती जणांना उत्तर आले त्याचे प्रमाण: १३ भागिले २२, म्हणजे ०.५९. भेदकता, म्हणजे विषय येणारे आणि न येणारे यांना प्रश्न किती वेगळे करतो: १० वजा ३, भागिले ११, म्हणजे ०.६४. प्रश्न चांगला आहे. दुसऱ्या प्रश्नात वरच्यांतले ४ आणि खालच्यांतले ७ बरोबर आले, तर भेदकता उणे ०.२७ येते. म्हणजे ज्यांना विषय येतो तेच चुकले. उत्तरसूचीत चूक आहे, दोन पर्याय बरोबर ठरतात किंवा प्रश्नाची भाषा फसवी आहे. असा प्रश्न गुणांतून वगळा. ०.२ च्या खालचे प्रश्न पुन्हा वाचा, मात्र ज्याचे उत्तर जवळजवळ सगळ्यांना आले त्याची भेदकता कमी येणारच. आणि वर्ग लहान असेल तर एका मुलाच्या उत्तराने आकडा बराच हलतो, म्हणून ही इशाऱ्याची घंटा समजा, निकाल नाही.

दीर्घोत्तरी प्रश्नांचे गुणदान हा वेगळाच पेच. डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी १९१२-१३ मध्ये एकच उत्तरपत्रिका अनेक शाळांमधल्या शिक्षकांकडून तपासून घेतली. भूमितीच्या एकाच उत्तरपत्रिकेला १०० पैकी तिसाच्या आतही गुण मिळाले आणि नव्वदाच्या आसपासही. उपाय साधे आहेत, पण ते सगळे एकत्र करावे लागतात. नाव झाका. एका मुलाची पूर्ण उत्तरपत्रिका तपासण्याऐवजी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा असे जा, आणि प्रत्येक वेळी गठ्ठा पिसा. शेवटी सुरुवातीच्या पाच उत्तरपत्रिका पुन्हा तपासा. हात कडक किंवा सैल झाला असेल तर तिथे कळतो.

गुणदानाचे निकष कोऱ्या कागदावर बसून लिहू नका. मागच्या वर्षीची १०-१२ उत्तरे घ्या, दोघा शिक्षकांनी मिळून ती चार ढिगांत लावा, आणि दोन शेजारच्या ढिगांमध्ये नेमका फरक काय तो शब्दांत उतरवा. ‘उत्तम, चांगले, बरे’ असे लिहिले की सगळे पुन्हा तपासणाऱ्याच्या मनावर जाते. ‘कारण दिले आहे’ आणि ‘कारण दिले आहे व ते दिलेल्या पुराव्याशी जोडले आहे’ हा फरक दोघांनाही सारखाच दिसतो. निकष तीनपेक्षा जास्त नकोत. मग दोघांनी तीच दहा उत्तरे एकमेकांचे गुण न बघता तपासावीत. एका पातळीचा फरक चालतो. दोन पातळ्यांचा आला तर भांडण शिक्षकांत नाही, निकषाच्या वाक्यात आहे. ते वाक्य बदला.

विसरण्याची सोय लावा

घटक चाचणी झाली की तो घटक संपला असे मुलेही धरतात. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात उतारा चार वेळा वाचणाऱ्यांना आठवड्याने सुमारे ४० टक्के आठवला. एकदा वाचून तीनदा आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा मात्र वाचणारेच पुढे होते. परीक्षेच्या आदल्या रात्री पुन्हा पुन्हा वाचण्यावर मुलांचा इतका विश्वास का बसतो, ते यावरून कळते.

दर तासाची पहिली पाच मिनिटे चार प्रश्नांना द्या: एक कालचा, दोन मागच्या आठवड्यांतले, एक महिन्यापूर्वीचा. पुस्तक बंद, गुण नाहीत, उत्तरे फळ्यावर, मूल स्वतः तपासते. महिन्यापूर्वीचा प्रश्न पहिल्या काही वेळा बहुतेकांना सुटणार नाही. तो गाळू नका, आठवड्याने परत आणा.

नोंदवहीतला आकडा

एका मुलीचे चार चाचण्यांतले गुण दहापैकी ३, ५, ८, ९. दुसरीचे ९, ७, ६, ४. पहिलीची सरासरी ६.२५, दुसरीची ६.५. आज काय येते असे विचारले तर पहिली कितीतरी पुढे आहे, तरी प्रगतिपुस्तकात मागे दिसते. एकाच साध्याची पुन्हा चाचणी घेतली असेल तर शेवटच्या दोन नोंदींना महत्त्व द्या. सुरुवातीच्या चुकांचा दंड शेवटपर्यंत ओढू नका.

न दिलेल्या कामाला शून्य देणेही असेच फसवे. ८०, ८०, ८० आणि ०: सरासरी ६०. हा ६० कोणत्याही समजेचे वर्णन करत नाही. तिथे ‘काम आलेले नाही’ असे लिहा आणि ते करून घ्या. उपस्थिती, वेळेवर काम देणे, वर्तन हे सगळे पालकांना जरूर कळवा, पण वेगळ्या ओळीत. एकाच आकड्यात मिसळले की गणित न येणारे शांत मूल आणि गणित येणारे चुळबुळे मूल सारखेच दिसतात.

शाळेने सुरुवात कशी करावी

सगळ्या शाळेने एकदम सुरू करू नये. स्वेच्छेने पुढे आलेले दोन शिक्षक, एक विषय, एक सत्र. पहिले चार आठवडे फक्त थांबणे आणि पाट्या. पुढचे चार आठवडे त्यात चिठ्ठ्या. शेरे त्यानंतर. दर आठवड्याला ४५ मिनिटे दोघांनी बसायचे आणि समोर खऱ्या चिठ्ठ्या ठेवून तीनच गोष्टी बोलायच्या: कोणती चूक दिसली, ती का होत असावी, उद्या काय वेगळे करायचे. हे ४५ मिनिटे मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात राखून द्यायचे आहेत. सुटीनंतर थांबा असे सांगितले तर तिसऱ्या आठवड्यात कोणी थांबणार नाही.

वर्ग बघायला येणाऱ्याने टाचण तपासण्याऐवजी मुलांजवळ बसून विचारावे: ‘तू आता काय शिकतोयस? कुठे अडलायस? पुढे काय करणार?’ पाच मुलांची उत्तरे ऐकली की तासाचे चित्र समोर येते. ही निरीक्षणे शिक्षकाच्या गोपनीय अहवालात मात्र जाऊ नयेत. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्बेल यांनी १९७० च्या दशकात बजावले होते की एखादा आकडा निर्णयांसाठी जितका जास्त वापरला जाईल तितका तो बिघडत जाईल आणि ज्या कामावर नजर ठेवायची ते कामही बिघडवेल. चिठ्ठ्यांवरून शिक्षकांची तुलना सुरू झाली की पुढच्या आठवड्यापासून सगळ्या चिठ्ठ्या बरोबर येऊ लागतात.

वहीवर गुण दिसेनासे झाले की पालक विचारणारच. पहिल्याच पालकसभेत दोन वह्या शेजारी ठेवून दाखवा, एकीवर ६/१० आणि दुसरीवर शेरा व त्याखाली मुलाने केलेली दुरुस्ती. मग विचारा, घरी मदत करायला कोणती उपयोगी पडेल? गुण घटक चाचणीनंतर मिळतील, त्याची तारीखही त्याच वेळी सांगा.

सत्राच्या शेवटी दोघा शिक्षकांनी पुढच्या इयत्तेच्या शिक्षकासाठी एक पान लिहावे: वर्गात अजून कोणते गैरसमज आहेत, कोणत्या मुलांत, काय करून बघितले आणि त्यातले काय लागू पडले. त्याच पानाच्या मागे ते तीन-चार प्रश्न लिहावेत, ज्यांनी हे गैरसमज उघडे पाडले. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात, पुस्तक उघडण्याआधी, पुढच्या शिक्षकाने तेच प्रश्न पाट्यांवर घ्यावेत.